शंभर चौरस किलोमीटरच्या गावाचा एक दिवस

पोलंडच्या दक्षिण टोकाला, स्लोव्हाकियाच्या सीमेला लागून, झावोया नावाचं गाव आहे. क्षेत्रफळ सुमारे 100 चौरस किलोमीटर, वस्ती सहा हजारांहून थोडी जास्त. क्षेत्रफळाच्या हिशेबानं हे पोलंडमधलं सगळ्यात मोठं गाव मानलं जातं. घरं मात्र एका जागी नाहीत. स्काव्हित्सा नदीच्या खोऱ्यात आणि तिला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठानं वाड्या विखुरल्या आहेत, आणि ओढा जसा वर जाईल तशा त्या डोंगराच्या अंगावर चढत गेल्या आहेत. वरच्या वाडीत आणि खालच्या वाडीत अर्ध्या तासाचं गाडीचं अंतर पडतं. हिवाळ्यात तर एकीकडे पाऊस आणि दुसरीकडे बर्फ अशी स्थिती असते.

एवढ्या गावाचा कारभार एका माणसाला झेपणारा नाही, म्हणून गावाचे भाग पाडले आहेत. अशा एका भागाला सोवेत्स्त्वो म्हणतात आणि त्याच्या निवडून दिलेल्या प्रमुखाला सोवतिस. पोलंडमध्ये अशी सुमारे 40 हजार सोवेत्स्त्वो आहेत. बहुतेक ठिकाणी एक गाव म्हणजे एक सोवेत्स्त्वो. झावोयात एका गावाची अनेक. त्यातल्याच एका भागातल्या सोवतिसबाईंचा कामाचा दिवस इथे मांडतो आहे. बाई नेमक्या कोण, याला महत्त्व नाही. त्या खुर्चीवर बसणाऱ्या कुणाचाही दिवस थोडाफार असाच जातो. तारीख 15 सप्टेंबर घेतली आहे, कारण त्या दिवशी जमिनीच्या कराचा हप्ता भरायचा असतो.

पहाटे साडेचार

अंधारातच मुख्य रस्त्यावरून गाड्या वर जायला लागतात. क्रोव्यार्कीच्या खिंडीत गाडी लावून बाब्या गुराच्या शिखरावर सूर्योदय गाठायचा, हा शहरी हौशी मंडळींचा बेत असतो. बाब्या गुरा 1,725 मीटर उंच आहे. पोलंडमध्ये तात्रा पर्वत सोडला तर एवढी उंची दुसरीकडे नाही. तिच्या लहरी हवेमुळे लोक तिला अवकाळीची आई म्हणतात. गावकरी सकाळी उठल्यावर आधी तिच्याकडे बघतात. डोक्यावर ढगाची टोपी असेल तर वाळत घातलेलं गवत आत घ्यायचं, एवढं शहाणपण इथे लहान पोरालाही असतं.

या डोंगराची धार खंडाचं पाणी दोन समुद्रांत वाटते. उत्तर उतारावर, म्हणजे झावोयाच्या बाजूला, पडलेला थेंब स्काव्हित्सेतून स्कावा नदीत, तिथून व्हिस्तुलात आणि शेवटी बाल्टिक समुद्रात जातो. दक्षिणेला पडलेला ओरावा नदीच्या वाटेनं डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्राला जातो. उत्तरेची बाजू उभी, सावलीची आणि दाट जंगलाची. खाली बीच आणि फरची मिश्र झाडी, मग निव्वळ स्प्रूस, त्याच्यावर गुडघ्या-कमरेएवढं आडवं वाढणारं खुजं पाईन, आणि माथ्यावर नुसते दगड व गवत. पूर्वी मेंढ्यांच्या मागे आलेले वालाखियन धनगर याच उतारांवर स्थिरावले. सपाट जमीन नव्हतीच, त्यामुळे गावठाण वसवायचा प्रश्नच आला नाही. ज्यानं जिथे जंगल तोडलं तिथे त्याचं घर झालं. आज बाईंच्या कारभारात ज्या ज्या अडचणी आहेत, त्यातल्या निम्म्या या एका गोष्टीतून निघतात.

बाई उठल्या आहेत, त्या पाहुण्यांसाठी. सोवतिसपदावर कुणाचं पोट भरत नाही. ग्मिनेच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, सभेनं ठरवला तर थोडासा भत्ता मिळतो. 2023च्या जुलैपासून, निदान दोन मुदती आणि सात वर्षं हे काम केलेल्यांना उतारवयात महिना 300 झ्लॉटींचं मानधन सुरू झालं. बायकांना साठीनंतर, पुरुषांना पासष्टीनंतर. तेव्हा बाईंचा खरा चरितार्थ चालतो तो वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या भाड्यानं देऊन. पाहुण्यांचा पाव, चीज आणि उकडलेली अंडी कागदात बांधून ठेवली की त्यांचा स्वतःचा दिवस सुरू होतो.

सकाळी साडेसहा

गावात रेल्वे नाही. जवळची स्थानकं माकुफ आणि सुहा बेस्किद्झ्का, दोन्ही दरीच्या बाहेर. त्यामुळे क्राकूफला किंवा सुहाला कामाला, शाळेला जाणारी मंडळी छोट्या बसच्या भरवशावर असतात. बाईंच्या भागातल्या थांब्यावरची शेड गळते आहे. तिथून पहिला फोन येतो.

"सोवतिसबाई, आज पुन्हा पोरं भिजली."

बाईंच्या दारावर लाल पाटी आहे, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सोवतिस'. पोलंडभर ती अशीच असते. तिचा अर्थ एवढाच, की कुठलीही तक्रार घेऊन या दारात यायला हरकत नाही. पण थांबा दुरुस्त करायला लागणारा एक झ्लॉटीसुद्धा बाईंच्या हातात नाही. सोवेत्स्त्वोला कायद्यानं स्वतंत्र अस्तित्व नाही. ते ग्मिनेचं साहाय्यक अंग आहे. त्याच्या नावानं करार होत नाही, कर्ज निघत नाही. स्वतःचं अंदाजपत्रक, स्वतःची मालमत्ता आणि सही-शिक्का असलेली सगळ्यात खालची पायरी म्हणजे ग्मिना. देशात त्या सुमारे अडीच हजार आहेत. झावोया ग्मिनेत झावोया आणि शेजारचं स्काव्हित्सा अशी दोनच गावं येतात, वस्ती नऊ हजारांच्या आसपास.

बाई वहीत 'थांबा, पत्रा' असं लिहून घेतात. ही वही शाळकरी चौकोनांची आहे, तिला रबर लावलेलं. डाव्या पानावर तक्रार, उजव्या पानावर ती कुणाच्या अखत्यारीत येते ते. उजवं पान भरायला डाव्यापेक्षा जास्त अक्कल लागते.

सकाळी आठ

ग्मिनेच्या कचेरीचा पत्ता आहे: झावोया 1307. एवढाच. रस्त्याचं नाव नाही, कारण पत्त्यात रस्ते नाहीतच. आहे तो घराचा क्रमांक. राष्ट्रीय उद्यानाची कचेरी झावोया 1403. हॅब्सबर्ग राजवटीनं 1772 नंतर या मुलखात घरांना सलग क्रमांक द्यायची पद्धत आणली. तिचा परिणाम असा, की घर बांधलं की पुढचा मोकळा क्रमांक त्याला. दहा घरांच्या छोट्या खेड्यात ते चालून जातं. चार आकडी क्रमांक असलेल्या, डोंगरभर विखुरलेल्या गावात शेजारच्या घराचा आकडा आपल्या आकड्याच्या जवळचा असेलच असं नाही. वडिलांच्या जुन्या घराचा क्रमांक तीन आकडी, आवारात मुलानं नवं बांधलं त्याचा चार आकडी.

टपालवाल्या बाईंना ही सगळी मांडणी तोंडपाठ असते. खरी पंचाईत होते ती नव्या माणसाची: कुरियरवाला, बदली डॉक्टर, रात्री आलेली रुग्णवाहिका. म्हणून गावातलं कुणी फोनवर पत्ता सांगताना आधी वाडीचं नाव सांगतं, मग ओढ्याचं, मग कुठल्या कुटुंबाच्या रानात ते, आणि शेवटी आकडा. दोन क्रमांकांवरून गोंधळ झाला की रुग्णवाहिकेच्या चालकाचा फोनही शेवटी सोवतिसकडे वळवला जातो. रात्री दोनला कोट चढवून रस्त्याच्या तोंडाशी विजेरी घेऊन उभं राहणं हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही, पण सोवतिस ते करतात.

कचेरीत आज बाईंची तीन कामं आहेत. एक, गळक्या थांब्याचा अर्ज. दोन, संध्याकाळच्या सभेसाठी हजेरीपट. तीन, एका जोडप्याची सोबत. त्या जोडप्याला आजोबांच्या जमिनीत घर बांधायचं आहे आणि ते गेले दोन आठवडे चुकीच्या दारावर उभे आहेत. घर कुठे बांधता येईल याचा विकास आराखडा ग्मिना करते; बांधकामाचा परवाना मात्र सुहामधली पोव्यातची, म्हणजे जिल्ह्याची, कचेरी देते. जमिनीचे नकाशे आणि नोंदी तिकडेच. गाडीची नोंदणी, वाहन परवाना, इस्पितळ, माध्यमिक शाळाही तिकडेच. प्राथमिक शाळा, पाणी, सांडपाणी, कचरा, वाचनालय, स्मशानभूमी ही ग्मिनेची. ओळखपत्र आणि जन्म-लग्न-मृत्यूची नोंद इथे, याच इमारतीत. ही वाटणी 1 जानेवारी 1999ला झाली; त्याआधीची सुमारे 24 वर्षं मधला जिल्हा नव्हताच, आणि झावोयाचा प्रांत बिएल्स्को-बियावाचा होता, आता क्राकूफचा आहे. माणूस एकाच घरात राहिला आणि त्याच्या डोक्यावरची कचेरी बदलत गेली. म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून जुन्या ठिकाणांची नावं येतात, त्यात त्यांचा दोष काहीच नाही.

सकाळी साडेदहा

वरच्या दालनात टेबलावर पांढरी चादर आणि फुलं. आज लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या जोडप्यांना पदकं द्यायची आहेत. हा राष्ट्राध्यक्षांच्या नावानं दिला जाणारा मान 1960पासून आहे, आणि तो हातात ठेवायचं काम वुईतचं. वुईत म्हणजे ग्मिनेचा प्रमुख. 2002पासून तो लोकांच्या थेट मतांनी येतो, 2018पासून मुदत पाच वर्षांची झाली, आणि एका माणसाला सलग असो वा नसो, दोनच मुदती मिळतात. त्याच्यावर लक्ष ठेवायला 15 सदस्यांची सभा.

बाई मागच्या रांगेत उभ्या आहेत, कारण पहिल्या रांगेतल्या एका आजोबांना त्यांनीच गाडीत घालून आणलं आहे. आजोबांचे हात थरथरतात, पदकाची पिन कोटात शिरत नाही. वुईत घाई करत नाही. पिन लागेपर्यंत सगळी खोली शांत उभी राहते. मला हा कारभाराचा भाग वाटतो, शोभेचा नाही. जी कचेरी कराची नोटीस पाठवते तिनं वर्षातून एकदा नागरिकाला बोलावून उभं राहून मान द्यावा, हे योग्यच आहे.

दुपारी बारा

राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत पाच मिनिटांचं काम: वाऱ्यानं आडवं झालेलं झाड एका घराच्या वाटेवर पडलं आहे आणि झाडाचं खोड नेमकं उद्यानाच्या हद्दीत आहे. बाब्या गुराचं उद्यान 1954 सालचं; युनेस्कोनं 1976मध्ये ते जैवमंडल राखीव क्षेत्र म्हणून मान्य केलं. अस्वल, लांडगा, लिंक्स असे प्राणी इथे टिकले आहेत. गावाला याचा अभिमान आहे, आणि उद्यानामुळे येणारे पाहुणे हाच आता गावाचा मोठा आधार आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. जंगलावर जो वनकर ग्मिनेला मिळतो, तो राष्ट्रीय उद्यानातल्या जंगलासाठी कायद्यानं निम्म्या दरानं आकारला जातो. म्हणजे ज्या ग्मिनेनं देशासाठी डोंगर राखला तिच्या तिजोरीत त्या डोंगराचे कमी पैसे पडतात, आणि तिथे नवी बांधकामं, नवे कारखाने येऊन ती भरपाई होण्याचीही शक्यता नाही. रस्ते मात्र त्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत ग्मिनेलाच नीट ठेवायचे आहेत, तेही हजारो परक्या गाड्यांसाठी. राखलेल्या निसर्गाचा खर्च देशानं उचलावा, गावानं नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

दुपारी दीड

जेवण. सूप आणि बटाटे. सूप संपायच्या आत दार वाजतं. ऐंशीच्या घरातल्या एक आजी, हातात पिशवी, पिशवीत दुमडलेला कागद.

हा कागद म्हणजे कराचा आदेश. शेतजमीन, जंगल आणि घर-इमारती या तिन्हींचा कर छोट्या जमीनमालकाला एकाच कागदावर येतो आणि वर्षात चार हप्त्यांत भरायचा असतो: 15 मार्च, 15 मे, 15 सप्टेंबर, 15 नोव्हेंबर. एकूण रक्कम 100 झ्लॉटींच्या आत असली तर पहिल्याच हप्त्याला सगळी. पोलंडच्या पुष्कळ ग्मिनांमध्ये सभेच्या ठरावानं सोवतिसला वसुलीदार नेमतात. मग तो पावतीपुस्तक घेऊन बसतो, रोख घेतो, थोडं वसुली-मानधन मिळवतो. जिथे बँकेत किंवा कचेरीत पैसे भरतात तिथेही कागद समजावून घ्यायला म्हातारी माणसं सोवतिसकडेच येतात.

आजींचा प्रश्न नेहमीचाच: "मागच्या वर्षीपेक्षा जास्त का? जमीन तर वाढली नाही."

बाई चष्मा लावतात आणि कागद टेबलावर पसरतात. शेतजमिनीचा कर पैशात ठरत नाही, रायवर ठरतो. राय म्हणजे इथलं काळ्या पावाचं धान्य. शेतकऱ्याच्या प्रत्येक हिशेबी हेक्टरमागे अडीच क्विंटल रायची किंमत, हा दर. रायची किंमत म्हणजे मागच्या 11 तिमाहींतल्या खरेदीभावाची सरासरी. ती केंद्रीय सांख्यिकी कार्यालय जाहीर करतं, आणि ग्मिनेच्या सभेला ती स्वतःपुरती कमी करता येते. हिशेबी हेक्टर म्हणजे मोजलेला हेक्टर नव्हे. मातीची प्रत आणि हवामानाचा विभाग बघून खऱ्या क्षेत्राला एका गुणकानं गुणायचं. उत्तम काळ्या मातीचा एक हेक्टर एकापेक्षा जास्त भरतो, डोंगरातला एक हेक्टर बराच कमी. पाचव्या आणि सहाव्या प्रतीच्या मातीवर शेतकर नाहीच. झावोयासारख्या उतारावर ही शेवटची ओळ फार मोलाची आहे.

बाई बोटानं दाखवतात: "हे बघा आजी, वरचं कुरण पाचव्या प्रतीचं, त्याला शून्य. खालच्या पट्टीचा एवढा. वाढलाय तो घराचा, शेताचा नाही. इमारतीचा दर सभेनं वाढवला."

"वाढवला म्हणजे कुणी?"

"आपणच निवडून दिलेल्यांनी."

आजी कागदाची घडी करून पिशवीत ठेवतात आणि मग, एवढं झाल्यावर, त्यांना जे खरं विचारायचं असतं ते विचारतात: या हिवाळ्यात त्यांची वाट कोण साफ करणार.

दुपारी तीन

तो प्रश्न घेऊन बाई गाडी काढतात. झावोयाच्या रस्त्यांचा नकाशा पाहिला की कारभाराची अख्खी उतरंड त्यावर दिसते. खोऱ्याच्या मधून खिंडीकडे जाणारा 957 क्रमांकाचा रस्ता प्रांताचा, त्याची देखभाल क्राकूफहून. त्याला फुटणारे काही रस्ते जिल्ह्याचे, त्यांचा मालक सुहामध्ये. त्यांना फुटणारे ग्मिनेचे, ते वुईतच्या हाती. आणि सगळ्यात शेवटी, दोन-चार घरांकडे चढणारी वाट, ती कुणाचीच नाही, म्हणजे त्या घरांची.

बर्फाला ही वाटणी कळत नाही. रात्री अर्धा मीटर पडला की मुख्य रस्त्यावरून नांगर फिरतो, आणि तो जाताना बाजूला ढकललेली बर्फाची भिंत नेमकी गल्लीच्या तोंडावर उभी राहते. गल्ली ग्मिनेच्या कंत्राटदाराची. तो ट्रॅक्टर घेऊन सकाळी खालून सुरुवात करतो आणि वर पोहोचेपर्यंत दहा वाजतात. तोवर शाळेची बस खालीच थांबलेली. म्हणून सप्टेंबरमध्येच, पानं पिवळी व्हायच्या आत, बाई वाडीवाडीला जाऊन ठरवतात की कंत्राटदार कुणाच्या अंगणात गाडी वळवेल, वाळूची पेटी कुठे ठेवायची, कुणाच्या कुंपणाला आधी लाल काठ्या ठोकायच्या, की ज्यामुळे बर्फात नांगराला रस्त्याची कड कळेल.

या काठ्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. जेमतेम ट्रॅक्टर मावेल एवढी वाट, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा. काठी एक वीत आत ठोकली तर नांगर कुणाच्या तरी फुलझाडांवर जातो. एक वीत बाहेर ठोकली तर ट्रॅक्टरचं चाक ओढ्यात. बाई आणि ट्रॅक्टरवाला दोघं वाट चालत जातात, तो टाचेनं जमीन दाबून बघतो, त्या काठी धरतात. एक वळण आलं की दोघं थांबतात. मागच्या वर्षीचं पाणी इथे कड खाऊन गेलं आहे. वाट ग्मिनेची, पण कड खाणारा ओढा 2018पासून पाण्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या, वोदी पोल्स्क्येच्या, ताब्यात. वाट भरून काढायची तर ओढ्याला बांध हवा, बांधाला परवानगी हवी, परवानगीला नकाशा हवा. वहीच्या उजव्या पानावर एका तक्रारीपुढे तीन नावं लिहावी लागतात.

संध्याकाळी साडेचार

स्वयंसेवी अग्निशमन दलाचा भोंगा वाजतो. सुतार, दुकानदार, रंगारी, ज्याच्या हातात जे असेल ते तिथेच टाकून दलाच्या शेडकडे पळतात. आज आग नाही; अरुंद रस्त्यावर गाडी घसरून गटारात गेली आहे. खोऱ्यात पगारी अग्निशमन केंद्राची गाडी बाहेरून यायला वेळ लागतो, त्यामुळे पहिली दहा मिनिटं याच लोकांची. डोंगरावर कुणी अडकलं तर मार्कोवे श्चाविनीच्या निवाऱ्यापाशी पर्वत-बचाव दलाचे जवान असतात. हा निवारा मूळचा 1906चा. आजची इमारत नवी आहे.

ढग किती घातक असतो हे या गावाला वेगळं सांगावं लागत नाही. 2 एप्रिल 1969ला वॉर्साहून क्राकूफला निघालेलं प्रवासी विमान वाट चुकून झावोयाजवळच्या पोलित्सा डोंगरावर आदळलं आणि त्यातले सगळे 53 जण गेले. पोलिश भाषेचे मोठे अभ्यासक झेनोन क्लेमेन्सिएविच त्यांत होते. डोंगरावर मृतांचं स्मारक आहे.

संध्याकाळी सहा

अग्निशमन दलाच्या शेडमधून गाडी बाहेर काढून खुर्च्या मांडल्या की तेच सभागृह. सोवेत्स्त्वोची सभा, म्हणजे इथल्या मतदारांची थेट सभा. गावाच्या पातळीवर यापेक्षा वरचं मंडळ नाही. सोवतिसची निवड इथेच गुप्त मतदानानं होते. नोटीस फळ्यावर लावली होती, रविवारी चर्चमध्येही वाचून दाखवली. सहाला पुरेशी माणसं जमत नाहीत. बहुतेक ठिकाणच्या नियमावलीत यावर तोड दिलेली असते: थोडा वेळ थांबून दुसरी वेळ धरायची, आणि मग जेवढे आले तेवढ्यांची सभा कायदेशीर. तेवढ्या वेळात भगिनी मंडळाच्या बायका चहा आणि यीस्टचा केक फिरवतात, आणि बरेचसे वाद चहा पिता पिताच मिटतात.

विषय एकच: पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आपल्या भागाचं काय. वुईतला मसुदा 15 नोव्हेंबरपर्यंत सभेपुढे ठेवायचा असतो, त्यामुळे मागणी आत्ताच पोहोचायला हवी. थांब्याची शेड. दोन दिवे. खचलेली कड. खेळाच्या मैदानाला जाळी. एक तरुण उठतो आणि म्हणतो, दुसरीकडे गावांना स्वतःचा निधी मिळतो, आपल्यासारख्या मोठ्या भागाला तो मिळाला तर यादीची भीकच मागावी लागणार नाही.

तो म्हणतो तो सोवेत्स्त्वोचा निधी. 2009च्या कायद्यानं तो आला, 2014मध्ये कायदा नव्यानं झाला. ग्मिनेच्या सभेनं ठरवलं तर प्रत्येक सोवेत्स्त्वोसाठी ठराविक रक्कम बाजूला काढायची, आणि ती कशावर खर्च करायची ते गावाच्या सभेनं ठरवून 30 सप्टेंबरपर्यंत कळवायचं. झालेल्या खर्चाचा काही भाग, 40, 30 किंवा 20 टक्के, सरकार ग्मिनेला परत करतं. ग्मिना जितकी गरीब तितका वाटा जास्त. कल्पना सुंदर आहे. लोकांनी हात वर करून ठरवावं, आणि पुढच्या वर्षी ती गोष्ट उभी राहिलेली दिसावी.

पण सूत्र बघा. ग्मिनेचं दरडोई चालू उत्पन्न ही पायाभूत रक्कम. तिला, दोन अधिक दर शंभर माणसांमागे एक, या आकड्यानं गुणायचं. दीडशे वस्तीच्या खेड्याला साडेतीन पट मिळते. आठशे वस्तीला दहा पट. आणि दहा पटीवर कायद्याची मर्यादा आहे. दोन हजार वस्तीला सूत्रानं बावीस पट यायला हवी, तिलाही दहाच. माणशी हिशेब केला तर दीडशेच्या खेड्यातल्या माणसाला दोन हजारांच्या भागातल्या माणसाच्या साडेचार पटीहून जास्त. छोट्या खेड्याला हात देणं बरोबर आहे, त्याला माझा पाठिंबा आहे. पण लोकसंख्येवर मर्यादा घालताना पसाऱ्याचा विचार झालेला नाही. वाड्या वीस, वाटा चाळीस, ओढे सात, आणि सूत्रात यांतलं काहीच नाही. सूत्राला फक्त डोकी मोजता येतात. मोठ्या गावांना यातून निघायचा कायदेशीर मार्ग एकच उरतो: गाव आणखी सोवेत्स्त्वोंमध्ये वाटणं. मग दिव्यांसाठी पैसे येतात, पण ओढ्याच्या दोन काठांवरची माणसं दोन सभांत बसतात.

मागच्या रांगेतली एक बाई हेच म्हणते, आणि फार चांगलं म्हणते: "आमच्या पुलाला दोन टोकं आहेत, त्याच्यासाठी दोन सोवतिस कशाला?"

प्राधान्यावर वाद होतो. मैदानाच्या जाळीला तरुणांचे हात वर जातात, खचलेल्या कडेला म्हाताऱ्यांचे. बाई स्वतः मत देतात, पण बोलत नाहीत. शेवटी थांब्याची शेड पहिली, कड दुसरी, दिवे तिसरे, जाळी चौथी. जाळीवाल्यांचं तोंड पडतं, तेव्हा ट्रॅक्टरवाला उभा राहून सांगतो की खांब तो स्वतः आणून रोवून देईल, ग्मिनेनं नुसती जाळी द्यावी. ते इतिवृत्तात घ्यायला लागतं. बाई घेतात.

रात्री साडेनऊ

घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर इतिवृत्त. तारीख, हजर मतदारांची संख्या, ठराव, बाजूनं किती, विरोधात किती. सोबत सह्यांचा पट. याशिवाय वुईतच्या टेबलावर मागणी मागणी म्हणून जात नाही, गप्पा म्हणून जाते.

मग वहीतली उजवी पानं एकेक करून वेगवेगळ्या कागदांवर उतरतात. थांबा आणि दिवे: ग्मिना, वुईतच्या नावे. थांब्याजवळच्या रस्त्याची तुटलेली बाजू: क्राकूफ, प्रांताच्या रस्ते विभागाच्या नावे. ओढा: वोदी पोल्स्क्ये, सोबत फोटो. पडलेलं झाड: उद्यानाच्या संचालकांच्या नावे, दुपारीच तोंडी सांगितलं आहे तरी लेखी हवंच. जोडप्याच्या परवान्यासाठी काय काय लागतं त्याची यादी: त्यांनाच, उद्या सकाळी त्यांच्या दारात टाकायची. आजींच्या वाटेचं: कुणाच्याच नावे नाही, कारण ती वाट कुणाचीच नाही. त्यासाठी बाई ट्रॅक्टरवाल्याला फोन लावतात. तो अजून जागा आहे. मुख्य गल्ली झाली की वर शंभर मीटर अजून चढशील का, डिझेल मी देते, असं त्या विचारतात. तो म्हणतो डिझेल नको, वळायला आजींच्या अंगणातलं ते जुनं प्लमचं झाड आड येतं तेवढं तोडायची परवानगी काढून द्या.

बाई वहीत लिहितात: प्लम, आजी. आणि उजव्या पानावर, अखत्यारीच्या रकान्यात, स्वतःचं नाव.